समोर माणूस बसलाय, हे प्रोग्रॅमला कसं पटवायचं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी वीस तासांचं काम स्वतःच्या हातांनी मारलं. मारलं म्हणजे अक्षरशः मारलं. किल, वजा नऊ, प्रोसेसचा नंबर, एंटर. दहाच मिनिटांत कळलं की प्रोग्रॅम अगदी ठणठणीत होता. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग हा काही माझा विषय नाही, मी रेणूंच्या ऊर्जेच्या गणना करते. पण त्या वीस तासांची चुटपुट इतकी लागली की पुढचे तीन आठवडे मी स्यूडोटर्मिनल नावाच्या गोष्टीमागे लागले. ती गोष्ट काय आहे आणि तुमच्या कामात कुठे आडवी येऊ शकते, ते आज सांगते.

काम असं होतं. आम्हाला दुसऱ्या एका गटाकडून सी भाषेतला एक जुना प्रोग्रॅम मिळाला होता. सोर्स कोड नाही, फक्त चालवायची फाइल, तीही स्टॅटिक पद्धतीने बांधलेली, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या तिच्या पोटातच. चालवला की तो सुरुवातीला दोन-तीन प्रश्न विचारतो (किती पायऱ्या, कोणतं तापमान वगैरे) आणि मग प्रत्येक पायरीला ऊर्जा काढून एक ओळ छापतो. लहान रचना देऊन टर्मिनलवर चालवून पाहिला, तेव्हा ओळी टपाटप येत होत्या. मग खरी, मोठी रचना घेतली. प्रश्नांची उत्तरं एका फाइलीत लिहून आत दिली, बाहेर येणारं सगळं दुसऱ्या फाइलीत वळवलं आणि घरी गेले.

सकाळी येऊन पाहिलं तर फाइल शून्य बाइट. दुपारी पुन्हा पाहिलं, शून्य. टॉप कमांडमध्ये प्रोसेस शंभर टक्के सीपीयू खाताना दिसत होती. मी निष्कर्ष काढला की हा कुठल्यातरी न संपणाऱ्या लूपमध्ये अडकलाय. आणि किल.

लॅबमधल्या सीनियरला सांगितलं तर तो वर न बघताच म्हणाला, “टर्मिनलवर चालवलंस तेव्हा दिसत होतं ना? मग बफरमध्ये पडलं असेल की.”

तेव्हा मी कागदावर हिशोब मांडला. एक ओळ साधारण ६० बाइटांची. मोठ्या रचनेला एका पायरीसाठी सुमारे २० मिनिटं. म्हणजे तासाला तीन ओळी, वीस तासांत ६० ओळी, ३६०० बाइट. आणि फाइलीत लिहिताना सी लायब्ररीने धरलेला बफर होता ४०९६ बाइटांचा. अजून तीन तास दम धरला असता तर फाइलीत एकदम ६८ ओळी पडल्या असत्या.

वडाप आणि एसटी

आमच्या सातारा-कराड भागात ज्यांनी प्रवास केलाय त्यांना बफर समजवावा लागत नाही. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एसटी वेळ झाली की सुटते, आत तीन माणसं असली तरी. सी भाषेची लायब्ररी दोन्ही चालवते. छापायचा मजकूर टर्मिनलवर जाणार असेल तर ओळ संपली की गाडी सोडायची. फाइलीत किंवा पाइपमध्ये जाणार असेल तर बफर भरेपर्यंत थांबायचं. कारण सरळ आहे. प्रत्येक फेरी म्हणजे कर्नलला एक हाक, आणि हाकेला वेळ लागतो. समोर माणूस नसेल तर घाई कुणाला आहे? सी भाषेच्या प्रमाणित नियमांतही हेच आहे. आउटपुट संवादी उपकरणावर जात नाही अशी खात्री असेल तरच पूर्ण बफरिंग करायचं. एरर मेसेजचा प्रवाह मात्र कधीच असा अडवून धरत नाहीत, म्हणून चुका लगेच दिसतात आणि निकाल दिसत नाहीत. हा विरोधाभास पाहून अनेक जण गोंधळतात, मीही गोंधळलेच असते, पण माझ्या प्रोग्रॅमने एकही चूक केली नव्हती.

वजा नऊ हा सिग्नल प्रोसेसला आवराआवर करायची संधीच देत नाही. जीप प्रवाशांसकट दरीत.

हा फरक तुम्ही आत्ता पाहू शकता. टर्मिनलमध्ये एलएस चालवा. फाइलींची नावं रकान्यांत, बहुधा रंगीत दिसतील. मग त्याच एलएसचं आउटपुट पाइपने कॅटला द्या. रकाने गेले, बहुधा रंगही गेले, एका ओळीत एक नाव. एलएसने मधल्या वेळात काय केलं? त्याने कर्नलला विचारलं, “माझं आउटपुट जिथे जातंय ते टर्मिनल आहे का?” या प्रश्नासाठी सी लायब्ररीत इझ-ए-टीटीवाय नावाचं फंक्शन आहे. (फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, सांभाळून घ्या.) पायथन कधी ओळीगणिक छापतो, प्रगतीची पट्टी कधी दिसते, हे सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

माझ्यापुढचा प्रश्न असा झाला: माणूस घरी झोपलेला असताना, तो समोर बसलाय असं या प्रोग्रॅमला कसं पटवायचं?

पहिला उपाय नेटाने केला. एसटीडी-बफ नावाची एक कमांड आहे, ती प्रोग्रॅमचं बफरिंग बाहेरून बदलते. लावली. काहीही फरक पडला नाही. ना एरर, ना वॉर्निंग. कारण ती कमांड प्रोग्रॅम सुरू होताना एक छोटी लायब्ररी त्याच्यात घुसवून काम साधते, आणि माझी फाइल स्टॅटिक होती. तिला बाहेरून काही घुसवताच येत नाही. मग उरला तो एकच मार्ग. प्रोग्रॅमला खरोखर एक टर्मिनल द्यायचं, फक्त त्या टर्मिनलमागे माणसाऐवजी माझी स्क्रिप्ट बसवायची.

टीटीवाय म्हणजे काय होतं

टीटीवाय हे टेलिटाइपचं लघुरूप. टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ मध्ये आलं. टाइपरायटरसारखे कळफलक, कागदाची गुंडाळी, आणि वेग सेकंदाला दहा अक्षरं. आपल्याकडे जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या ओकणारे टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते चटकन डोळ्यांसमोर येईल. १९६९ मध्ये युनिक्स जन्माला आलं तेव्हा कॉम्प्युटरशी बोलायचं साधन हेच होतं. नंतर कागद जाऊन काच आली. डेक कंपनीचं व्हीटी-१०० हे १९७८ चं, आणि आजची टर्मिनलची खिडकी अजूनही त्याच्याच खाणाखुणा बोलते.

या यंत्रांमुळे कर्नलच्या आत एक थर तयार झाला, त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. स्यूडोटर्मिनल समजायचं तर हा थर समजायलाच हवा, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

टर्मिनलमध्ये नुसतं कॅट लिहून एंटर दाबा आणि मग काहीही टाइप करा. प्रत्येक ओळ दोनदा दिसेल. एकदा टाइप करतानाच, आणि एकदा एंटर दाबल्यावर. दुसरी ओळ कॅटने छापली. पहिली कुणी? ती लाइन डिसिप्लिनने. तुम्ही दाबलेली कळ कॅटपर्यंत पोचायच्या आधीच कर्नल ती तुम्हाला परत दाखवतं, कारण टेलिटाइपच्या काळात आपण काय टाइप केलं हे कळायला तोच मार्ग होता. याला एको म्हणतात. एंटर दाबेपर्यंत ओळ कर्नलकडेच राहते, कॅटला तिचा पत्ताही नसतो. बॅकस्पेस दाबला तर ओळीतलं शेवटचं अक्षर कर्नलच खोडतं. कंट्रोल-सी दाबलं तर ते अक्षर प्रोग्रॅमकडे जातच नाही, त्याऐवजी पुढे चालू असलेल्या प्रोसेसच्या गटाला थांबण्याचा सिग्नल जातो. कंट्रोल-डी म्हणजे इनपुट संपलं. आणि बाहेर जाताना प्रत्येक नव्या ओळीच्या चिन्हाआधी कर्नल आणखी एक चिन्ह घालतं, कॅरेज रिटर्न, कारण टेलिटाइपचं छपाईचं डोकं डावीकडे आणायला वेगळा हुकूम लागत असे. ते डोकं गेलं, हुकूम राहिला.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी यात एक जास्तीची गंमत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. कॅटमध्ये ‘की’ लिहून एकदा बॅकस्पेस दाबलात तर लाइन डिसिप्लिन फक्त मात्रा खोडतं, ‘क’ राहतो. त्याला यूटीएफ-८ बद्दल सांगणारी एक खूण सेटिंगमध्ये आहे. ती बंद असेल तर एका बॅकस्पेसला एकच बाइट जातो आणि मागे मोडकं, दोन बाइटांचं अक्षर उरतं. शेलमध्ये हे जाणवत नाही, कारण बॅश वगैरे शेल हा सगळा कारभार कर्नलकडून काढून स्वतःकडे घेतात.

आता खरं यंत्र नसताना हा सगळा थर चालवायचा कसा? हा प्रश्न नेटवर्क आल्यावर तीव्र झाला. दूरच्या यंत्रावर लॉगिन केलं तर तिथे प्रत्यक्ष तार जोडलेलं टर्मिनल नसतं, नेटवर्कवरून येणारे बाइट असतात. पण तिथला शेल, एडिटर, सगळे टर्मिनलच मागतात. म्हणून बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये, १९८३ साली, पीटीवाय नावाचा ड्रायव्हर आला. कर्नल एक जोडी तयार करतं. एका टोकाला, ज्याला मॅन्युअलमध्ये स्लेव्ह म्हणतात, प्रोग्रॅम बसतो. ते हुबेहूब टर्मिनल असतं, इझ-ए-टीटीवाय विचारलं तर ‘हो’ म्हणतं. दुसऱ्या, मास्टर टोकाला तुम्ही बसता, टेलिटाइपच्या जागी. तुम्ही मास्टरमध्ये जे लिहाल ते प्रोग्रॅमला कळफलकावरून आल्यासारखं वाटतं. प्रोग्रॅम जे छापेल ते तुम्ही मास्टरमधून वाचता. आणि दोघांच्या मध्ये तो लाइन डिसिप्लिनचा थर तसाच बसलेला असतो. पाइप आणि पीटीवाय यांत फरक आहे तो या मधल्या थराचाच. मला पुढे जो त्रास झाला तोही सगळा या थरामुळे.

तुम्ही आत्ता उघडलेली प्रत्येक टर्मिनलची खिडकी म्हणजे अशी एक जोडी आहे. टीटीवाय ही कमांड द्या, /डेव्ह/पीटीएस/३ असं काहीतरी उत्तर येईल. ते तुमच्या शेलचं स्लेव्ह टोक. मास्टर टोक खिडकी काढणाऱ्या प्रोग्रॅमकडे आहे. दुसऱ्या खिडकीतून त्या पत्त्यावर एको कमांडने ‘नमस्कार’ पाठवून बघा, पहिल्या खिडकीत उमटेल. एसटीटीवाय -ए द्या, तर पहिल्याच ओळीत बहुधा वेग दिसेल, ३८४०० बॉड. कुठल्या तारेचा वेग? तार नाहीच. रकाना भरायला हवा म्हणून भरलेला आकडा.

जोडी बनवायची कशी

लिनक्सवर पायऱ्या अशा. आधी पॉसिक्स-ओपन-पीटी बोलवायचं, ते /डेव्ह/पीटीएमएक्स उघडून मास्टर टोक हातात देतं. मग ग्रँट-पीटी आणि अनलॉक-पीटी, स्लेव्ह टोकाचे हक्क आणि कुलूप यांच्यासाठी. मग पीटीएस-नेम, ते स्लेव्हचा पत्ता सांगतं. इथवर सोपं आहे.

त्यानंतर फोर्क. मुलाने म्हणजे चाइल्ड प्रोसेसने पहिलं काम करायचं ते सेट-एसआयडी. याने ती जुन्या टर्मिनलपासून नातं तोडून नव्या सेशनची प्रमुख होते. मग तिने स्लेव्ह उघडायचं आणि ते आपलं नियंत्रक टर्मिनल म्हणून जाहीर करायचं. हा क्रम उलटा केलात तर सगळं चालल्यासारखं दिसतं, फक्त कंट्रोल-सी भलतीकडे जातं. मग इनपुट, आउटपुट आणि एरर या तिन्ही प्रवाहांच्या जागी स्लेव्ह बसवायचं आणि एक्झेक करून खरा प्रोग्रॅम सुरू करायचा. पायथनच्या प्रमाणित लायब्ररीतलं पीटीवाय मॉड्यूल हे सगळं फोर्क नावाच्या एका फंक्शनमध्ये करून देतं, सीमध्ये फोर्क-पीटीवाय आहे. मी पायथन वापरलं, पण हातानेही एकदा लिहून पाहिलं, आणि तिथेच पहिला खड्डा लागला.

प्रोग्रॅम संपला तरी माझी स्क्रिप्ट संपेना. मास्टरवर वाचत बसलेली, गोठल्यासारखी. अर्धा दिवस गेला. कारण पालक प्रोसेसमध्येही मी स्लेव्ह उघडून ठेवलं होतं आणि बंद करायला विसरले होते. कर्नलच्या दृष्टीने स्लेव्ह टोकाला अजून कुणीतरी बसलेलं होतं. ती व्यक्ती मीच होते. ते बंद केल्यावर पुढचा धक्का. पाइप संपला की रीड शून्य बाइट परत देतं, हे आपल्याला माहीत असतं. लिनक्सवर पीटीवायचं तसं नाही. स्लेव्हची सगळी टोकं मिटली की मास्टरवरचं रीड इनपुट-आउटपुट एरर देतं, क्रमांक ५. स्क्रिप्ट शेवटच्या क्षणी लालभडक ट्रेसबॅक ओकून पडली की समजायचं, काम व्यवस्थित पूर्ण झालं. ती एरर पकडून ‘संपलं’ असा अर्थ लावायचा, बस.

यानंतर प्रश्न-उत्तरांचा भाग. आधी मी पाइप लावून स्क्रिप्टमधून प्रश्न वाचून उत्तरं द्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा दोघेही एकमेकांची वाट बघत बसले होते. प्रोग्रॅमने ‘किती पायऱ्या?’ विचारलं होतं, पण तो प्रश्न त्याच्याच बफरमध्ये अडकलेला. तो उत्तराची वाट बघतोय, मी प्रश्नाची. पीटीवायवर हे आपोआप सुटलं, कारण टर्मिनलवरून वाचायच्या आधी सी लायब्ररी अडलेलं आउटपुट बाहेर ढकलते. प्रश्न आला, मी ५०० पाठवलं, आणि माझ्या निकालांच्या यादीत पहिली ऊर्जा नोंदली गेली: ५००.

हसू नका. एकक बघूनही मला दोन मिनिटं कळलं नाही. तो एको होता. मी पाठवलेलं उत्तर लाइन डिसिप्लिनने इमानेइतबारे मलाच परत दाखवलं होतं. स्लेव्हच्या सेटिंगमधून एकोची खूण काढल्यावर ते थांबलं.

मग ओळीच्या शेवटचा शब्द. प्रत्येक पायरीनंतर गणना स्थिर झाली की नाही याचा एक शब्द प्रोग्रॅम छापायचा, आणि त्या शब्दाशी तुलना करणारी माझी अट कधीच खरी होईना. छापून बघितलं तर डोळ्यांना शब्द तंतोतंत तोच. अखेर बाइट छापले, आणि शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेलं दिसलं. टेलिटाइपच्या त्या डोक्याला डावीकडे आणणारा हुकूम, साठ वर्षांनी, माझ्या तुलनेत लुडबुड करत होता. आउटपुटवर प्रक्रिया करण्याची खूणही बंद केली.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगते. पीटीवायवरून ओळीच्या पद्धतीने पाठवलेली एक ओळ लिनक्सवर ४०९५ बाइटांपेक्षा लांब असेल तर पुढचा भाग चुपचाप गळतो. मी एका ओळीत सगळ्या अणूंचे निर्देशांक कोंबत होते, म्हणजे किती अणू हरवले असते ते तुम्हीच बघा. (तिथे मी नशीबवान, प्रोग्रॅमने संख्या मोजून तक्रार केली.) आणि बायनरी डेटा तर या वाटेने पाठवूच नका. त्यात ३ किमतीचा बाइट आला की लाइन डिसिप्लिनला ते कंट्रोल-सी वाटतं, आणि तुमचाच डेटा तुमच्या प्रोग्रॅमला मारतो. पाठवायचाच असेल तर आधी टर्मिनल रॉ पद्धतीत टाका, म्हणजे हा मधला थर जवळपास गप्प होतो.

दुसऱ्यांदा मेलं ते

स्क्रिप्ट तयार झाली. लहान रचनेवर तपासली. एका शुक्रवारी रात्री हॉस्टेलवरून एसएसएच करून मोठी गणना सुरू केली. तासाला तीन ओळी फाइलीत पडताना पाहून झोपले. मध्यरात्री हॉस्टेलचं वायफाय गेलं. सकाळी फाइलीत अठरा ओळी आणि प्रोसेस गायब.

या वेळी निदान अठरा ओळी तरी हातात होत्या. आणि या वेळी कारण मी स्वतः शोधलं, त्याचं समाधानही होतं, रागाबरोबर.

साखळी अशी. लॅबच्या यंत्रावर एसएसएचचा सर्व्हर माझ्या लॉगिनसाठी एक पीटीवाय उघडतो आणि तिचं मास्टर टोक धरून बसतो. स्लेव्हवर माझं शेल. कनेक्शन तुटल्याचं लक्षात आल्यावर सर्व्हरने मास्टर बंद केलं. मास्टर बंद झालं की कर्नल सेशनच्या प्रमुखाला, म्हणजे शेलला, सिगहप पाठवतं. हप म्हणजे हँग-अप, फोनची तार ठेवून दिली, मोडेमच्या काळचा शब्द. शेलने तो सिग्नल आपल्या कामांना पुढे दिला, माझी पायथन स्क्रिप्ट मेली. पण तिच्या हातात दुसऱ्या जोडीचं मास्टर टोक होतं! स्क्रिप्ट मेल्यावर तेही बंद झालं, आणि तिथला सेशनप्रमुख, म्हणजे माझा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम, त्यालाही सिगहप. दोन खोटी टर्मिनलं, एकाच्या पोटात दुसरं, आणि फोन ठेवल्याची बातमी दोन्ही घरी पोचली.

पुष्कळ जण इथे टीमक्स किंवा स्क्रीन वापरतात, मीही तेव्हापासून वापरते. ते वाचवतात कसे, हे आता तुम्ही स्वतःच सांगू शकाल. टीमक्सचा सर्व्हर प्रत्येक चौकटीसाठी स्वतःची पीटीवाय उघडतो आणि तिचं मास्टर टोक त्याच्याकडे असतं, एसएसएचच्या सर्व्हरकडे नाही. तो सर्व्हर तुमच्या लॉगिनच्या सेशनमधून आधीच बाहेर पडलेला असतो. वायफाय गेलं तर मरतो तो फक्त बघणारा क्लायंट. मास्टर शाबूत, म्हणून आतल्या कुणालाच काही कळत नाही. नोहप वेगळ्या वाटेने जातं, ते प्रोग्रॅमला सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावतं, पण आउटपुट फाइलीत वळवतं, म्हणजे टर्मिनल गेलं आणि आपण पुन्हा वडापच्या थांब्यावर.

तुम्हाला माझ्याइतकं सगळं लिहायची गरज बहुधा पडणार नाही. फक्त आउटपुट ओळीगणिक हवं असेल तर स्क्रिप्ट नावाची जुनी कमांड आहे, बीएसडीच्या सुरुवातीच्या काळापासूनची. ती पीटीवाय उघडून त्यात तुमची कमांड चालवते आणि जे दिसेल ते फाइलीत उतरवते. लिनक्सवर तिला लगेच फ्लश करण्याचा पर्यायही देता येतो. प्रश्नांना उत्तरंही द्यायची असतील तर एक्स्पेक्ट आहे, डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये आणलेलं, किंवा त्याच कल्पनेवरचं पायथनमधलं पी-एक्स्पेक्ट. मला एक्स्पेक्टचा शोध माझी स्क्रिप्ट संपल्यावर लागला. तरी पहिल्यांदा हाताने लिहा असंच मी म्हणेन, कारण ही साधनं वापरतानाही एको, कॅरेज रिटर्न आणि क्रमांक ५ ची एरर कधी ना कधी डोकं वर काढतातच, आणि तेव्हा ते काय आहे हे ठाऊक असलं की अर्धा दिवस वाचतो.

टीमक्समध्ये, माझ्या स्क्रिप्टच्या आत, ती गणना शेवटी ४१ तास चालली. १२३ ओळी, एकही न हरवता. शेवटच्या ओळीचा आकडा गाईडना दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की याला महिना कसा लागला.

तीन महिन्यांनी ज्या गटाने तो प्रोग्रॅम दिला होता त्यांना मी सगळा प्रकार कळवला. दोन दिवसांत नवी फाइल आली. बदल एका ओळीचा होता, प्रत्येक छपाईनंतर एफ-फ्लश. माझी स्क्रिप्ट १९० ओळींची आहे. ती मी अजून काढून टाकलेली नाही.